नौकेचे इंजिन सुरू होत नाही तेव्हा

खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा असलेल्या बंदरातून मासेमारीची नौका बाहेर काढावयाची म्हणजे भरतीची वेळ साधावी लागते. कोकणच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती येते आणि एका भरतीपासून दुसरीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते. बर्फ भरलेला आहे, डिझेल घेतलेले आहे, जाळी चढविलेली आहेत, खलाशी आपापल्या जागी उभे आहेत आणि नेमके अशा वेळी इंजिन सुरू होत नाही, तर भरती निघून जाते. बर्फ वितळू लागतो, खलाशांची मजुरी अंगावर पडते आणि शेजारच्या नौका मासळी घेऊन परततात तेव्हा ही नौका बंदरातच उभी असते.

हे नुकसान मोठे खरे, परंतु त्याहून मोठे नुकसान घाईमुळे होते. तांडेल घाबरा होतो, चार माणसे चार उपाय सुचवितात, कोणी नोझल उघडतो, कोणी बॅटरी बदलतो, कोणी हवेच्या नळीत पेट्रोल ओततो. अखेरीस मूळ दोष साधा असतो आणि धडपडीत नवा दोष निर्माण होतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असाच हा प्रकार होय. म्हणून इंजिन सुरू न झाल्यास हातात पाना घेण्यापूर्वी दोष कोठे आहे हे क्रमाने शोधून काढण्याची सवय प्रत्येक नौकामालकाने व खलाशाने लावून घ्यावयास हवी. विहिरीवर डिझेल इंजिन वापरणाऱ्या शेतकऱ्यांनाही यातील बहुतेक सूचना जशाच्या तशा उपयोगी पडतील.

डिझेल इंजिनाला काय लागते

जर्मन अभियंता रुडॉल्फ डिझेल याने १८९७ साली आपले इंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले. त्यानंतर त्यात पुष्कळ सुधारणा झाल्या, पण मूळ तत्त्व बदललेले नाही. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडून इंधन पेटवितात. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरात घेतलेली हवा पिस्टनने इतकी दाबली जाते की ती मूळच्या आकारमानाच्या सुमारे सोळाव्या ते विसाव्या हिश्श्यात मावते. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचे तोंड गरम होते, हा अनुभव सर्वांस आहे. त्याच न्यायाने सिलिंडरातील हवा तापून तिचे उष्णतामान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जाते. त्या तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा बारीक तुषार सोडला की तो आपोआप पेटतो.

यावरून सुरू होण्यासाठी इंजिनाला तीन गोष्टी लागतात हे ध्यानात येईल. पहिली, इंजिन पुरेशा वेगाने फिरले पाहिजे. दुसरी, वेळेवर व तुषाररूपाने डिझेल मिळाले पाहिजे. तिसरी, स्वच्छ हवा आत येऊन ती पुरेशी दाबली गेली पाहिजे. या तिन्ही गोष्टी जुळल्या की इंजिन सुरू होतेच. ते सुरू होत नसेल तर या तिहींपैकी एकीत उणीव आहे, आणि ती कोणती हे ओळखणे एवढेच काम उरते.

प्रथम साध्या गोष्टी पहाव्यात

पुष्कळ वेळा दोष इंजिनात नसतोच. म्हणून पुढील गोष्टी नजरेखालून घालण्यास पाच मिनिटे द्यावीत.

(१) इंजिन बंद करण्याची कांडी मागील फेरीनंतर ओढलेलीच राहिली नाही ना, हे पहावे. ती ओढलेली असताना पंप डिझेल देत नाही.

(२) टाकीत डिझेल किती आहे हे काट्यावर विसंबून न राहता काठी घालून पहावे. टाकीचा कॉक उघडा असल्याची खात्री करावी.

(३) गियर न्यूट्रलवर आहे काय व पंख्यात दोर किंवा जाळे अडकलेले नाही ना, हे पहावे.

(४) पट्टी ओढून इंजिनातील वंगणतेल पहावे. ते दूध घातलेल्या चहासारखे दिसत असेल तर त्यात पाणी शिरले आहे. तेलाची पातळी खुणेच्या वर चढलेली असेल तर त्यात पाणी किंवा डिझेल मिसळले असण्याचा संभव असतो. अशा दोन्ही प्रसंगी इंजिन फिरवू नये व जाणकार मिस्त्रीस बोलवावे.

(५) हवेच्या गाळणीवर व धुराच्या नळीच्या तोंडावर पावसाळ्यापूर्वी बांधलेले गोणपाट काढले आहे काय, हे पहावे. उघड्या राहिलेल्या नळीत कुंभारमाशी मातीचे घर करते. तेवढ्यानेही हवेचा मार्ग बंद होतो.

इंजिन फिरते काय?

साध्या गोष्टी ठीक असतील तर पहिला प्रश्न असा विचारावा: कळ दाबल्यावर इंजिन फिरते काय, आणि फिरत असल्यास जोमाने फिरते काय?

कळ दाबूनही काहीच आवाज होत नसेल तर वीज स्टार्टरपर्यंत पोहोचत नाही. मुख्य स्विच, फ्यूज, बॅटरीची टोके व इंजिनाच्या अंगास जोडलेली जाड तार क्रमाने तपासावी. समुद्राच्या खाऱ्या हवेने बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी धरते आणि वरून घट्ट दिसणारी जोडणी आतून निकामी झालेली असते. अशी टोके सोडवून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावीत, कोरडी करून घासावीत, घट्ट आवळावीत आणि वरून ग्रीस लावावे. तार सोडताना आधी ऋण टोक सोडावे आणि जोडताना ते शेवटी जोडावे, म्हणजे पाना चुकून धातूला लागला तरी ठिणगी उडत नाही.

नुसता ‘टक्’ असा आवाज येत असेल किंवा इंजिन अडखळत फिरत असेल, तर बहुधा बॅटरी उतरलेली असते. १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली असता व काही तास स्वस्थ ठेवली असता सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. तोच आकडा १२ च्या खाली गेला असेल तर ती जवळजवळ रिकामी समजावी. हायड्रोमीटर असल्यास अधिक चांगले. भरलेल्या घरातील पाण्याची घनता १.२६ ते १.२८ भरते. एकाच घराची घनता इतरांहून पुष्कळ कमी असेल तर ती बॅटरी भरूनही टिकणार नाही.

स्टार्टर एका वेळी १० सेकंदांहून अधिक दाबून धरू नये, आणि दोन प्रयत्नांत निदान अर्धा मिनिट थांबावे. सतत दाबल्याने स्टार्टर तापून जळतो आणि बॅटरी रिकामी होते. मग मूळ दोष सापडला तरी इंजिन फिरविण्यास शक्ती उरत नाही.

सिलिंडरात पाणी शिरल्यास

बॅटरी उत्तम असूनही इंजिन मुळीच हलत नसेल तर येथे थांबावे. सिलिंडरात समुद्राचे पाणी शिरले असण्याची शक्यता असते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. पिस्टन वर येताना पाण्यावर आपटतो आणि जोर केल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो. ही दुरुस्ती मोठ्या खर्चाची असते.

हे पाणी येते कोठून, हे समजून घेतले पाहिजे. ज्या नौकांत इंजिन थंड करून बाहेर पडणारे समुद्राचे पाणी धुराच्या नळीत सोडलेले असते, त्यांत धुराच्या जोरानेच ते पाणी बाहेर फेकले जाते. इंजिन सुरू होत नसता ते पुनःपुन्हा फिरविले तर पाण्याचा पंप पाणी ढकलीत राहतो, पण ते बाहेर फेकणारा धूर नसतो. सायलेन्सर भरतो आणि पाणी झडपेवाटे सिलिंडरात उतरते. म्हणजे इंजिन सुरू करण्याच्या हट्टापायीच ते बुडते. यासाठी अशा नौकांत दोन-तीन प्रयत्न फसल्यावर समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद करावा. इंजिन पेट घेताच मात्र तो त्वरित उघडावा, नाही तर पंपाचा रबरी चक्रपंखा कोरडा फिरून फाटतो. कॉक बंद केला असल्याची चिठ्ठी कळीवर लावून ठेवावी.

पाणी शिरल्याचा संशय आल्यास नोझल काढावेत आणि इंजिन हाताने सावकाश फिरवावे. पाणी भोकांतून बाहेर येईल. त्या वेळी तोंड भोकांपासून दूर ठेवावे. नंतर प्रत्येक सिलिंडरात थोडे वंगणतेल घालून पुन्हा फिरवावे, इंजिनातील तेल व तेलाची गाळणी बदलावी आणि मगच इंजिन सुरू करावे. हे काम त्याच दिवशी उरकले पाहिजे. खारे पाणी रात्रभर आत राहिले तर रिंगा गंजून धरतात.

धूर काय सांगतो?

इंजिन जोमाने फिरते पण पेट घेत नाही, असे असेल तर एका माणसास धुराच्या नळीकडे पाहण्यास सांगावे. धूर हा या कामी सर्वांत विश्वासू साक्षीदार होय.

इंजिन फिरत असताना धूर मुळीच निघत नसेल तर सिलिंडरात डिझेल पोहोचत नाही. तेव्हा डिझेलचा मार्ग तपासावा.

पांढरा किंवा करडा धूर निघत असेल तर डिझेल पोहोचते, पण जळत नाही. तेव्हा इंजिन हळू फिरते काय, दाब कमी आहे काय, डिझेलात पाणी आहे काय, आणि तापविण्याचा प्लग असल्यास तो तापतो काय, हे पहावे.

या एका निरीक्षणाने निम्मे काम वाचते. धूर निघत असताना नळ्या सोडीत बसणे, किंवा धूर नसताना झडपा उघडणे, हे दोन्ही व्यर्थ होय.

डिझेलचा मार्ग व इंजिनाने धरलेली हवा

डिझेल टाकीतून निघून गाळणीत, तेथून लहान पंपात, पुन्हा बारीक गाळणीत, मग मुख्य पंपात आणि शेवटी नोझलमध्ये जाते. तपासणी टाकीपासून याच क्रमाने करावी.

गाळणीच्या तळाचा स्क्रू सोडून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घ्यावे व दहा मिनिटे स्थिर ठेवावे. पाणी असल्यास ते खाली बसते व त्याची रेषा स्पष्ट दिसते. काळा, बुळबुळीत गाळ आढळल्यास तो टाकीच्या तळाशी साठलेल्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जंतूंचा असतो. मग गाळणी बदलून भागत नाही, टाकीच धुवावी लागते.

डिझेल स्वच्छ असूनही पुढे जात नसेल तर नळ्यांत हवा शिरली आहे असे समजावे. टाकी रिकामी होऊ दिली, गाळणी बदलली किंवा जोड सैल झाला की इंजिन हवा धरते. हवा काढण्याची रीत अशी आहे:

(१) गाळणीवरील हवेचा स्क्रू दोन फेरे सैल करावा व लहान पंपाची कांडी हाताने चालवावी. आधी फेस येईल. फेस थांबून डिझेलची अखंड धार येऊ लागली की कांडी चालवीत असतानाच स्क्रू आवळावा.

(२) मुख्य पंपावरील स्क्रूबाबत हेच करावे.

(३) नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांचे नट एक फेरा सैल करावेत, इंजिन फिरवावे आणि नटाशी डिझेल उसळून येऊ लागले की ते आवळावेत. सांडलेले डिझेल लगेच पुसून घ्यावे.

हवा पुन्हा पुन्हा धरत असेल तर टाकी आणि लहान पंप यांमधील जोड तपासावेत. या भागात पंप डिझेल ओढतो, म्हणून जोड सैल असला तरी तेथून डिझेल गळतेच असे नाही, उलट हवा आत खेचली जाते. जोडाखालील तांब्याची वायसर जुनी झाली असेल तर नवी घालावी.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. नोझलमधून उडणाऱ्या तुषारापुढे हात धरू नये. त्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १५० ते २०० किलोग्रॅम किंवा त्याहूनही अधिक असतो व तो कातडी भेदून आत जातो. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते व फारशी दुखतही नाही, पण आत गेलेले डिझेल मांस सडविते. असे झाल्यास दुखण्याची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे.

हँडलने सुरू होणाऱ्या एका सिलिंडरच्या इंजिनात नोझलची परीक्षा कानानेही होते. दाब सोडण्याची कांडी उचलून इंजिन सावकाश फिरविले असता प्रत्येक तुषाराबरोबर ‘कर्र’ असा आवाज ऐकू येतो. तो ऐकू येत असेल तर डिझेल नोझलपर्यंत येत आहे.

दाब पुरेसा आहे काय?

हँडलच्या इंजिनात दाबाची पारख हातास होते. दाब सोडण्याची कांडी न उचलता हँडल फिरवू पाहिल्यास ते जोराने मागे ढकलले गेले पाहिजे. सहज फिरत असेल तर दाब निसटत आहे. हवेच्या मार्गाने चमचाभर वंगणतेल घालून पुन्हा फिरवून पहावे. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. फरक पडला नाही तर झडपा नीट बसत नाहीत किंवा हेडचे गॅस्केट गेले आहे. चमचाभराहून अधिक तेल मात्र घालू नये.

हँडल धरताना अंगठा बोटांच्या बाजूसच ठेवावा. अंगठा दुसऱ्या बाजूने गुंडाळला आणि इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडते.

हवेच्या नळीत पेट्रोल किंवा ईथर ओतण्याची, अथवा जळता बोळा धरण्याची काही ठिकाणी वहिवाट आहे. ती सोडून द्यावी. या पदार्थांचा सिलिंडरात अवेळी स्फोट होऊन रिंगा व पिस्टन फुटतात, आणि इंजिनाच्या कोंदट खोलीत भडका उडाल्यास नौकाच पेटते.

लहान होड्यांची बाहेरील इंजिने

होडीच्या मागील फळीस लावण्याच्या पेट्रोल इंजिनात ठिणगीची बाब वाढते. येथे सर्वांत आधी सुरक्षादोरीची चकती जागेवर आहे काय, हे पहावे. ती निघालेली असता ठिणगी पडत नाही. नंतर टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू उघडावा आणि नळीतील रबरी फुगा कठीण होईपर्यंत दाबावा.

तरीही इंजिन सुरू न झाल्यास प्लग काढून पहावा. तो कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही. ओला असेल तर पेट्रोल अधिक झाले आहे किंवा ठिणगी पडत नाही. ओला प्लग पुसून वाळवावा, सुरक्षादोरी काढलेली असतानाच दोरखंड पाच-सहा वेळा ओढून आतील वाफ घालवावी, प्लग बसवावा आणि चोक न ओढता पुन्हा प्रयत्न करावा. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्याने ती होडीच्या तळाशी साचते. म्हणून त्या वेळी विडी-काडी कटाक्षाने दूर ठेवावी.

समुद्रात इंजिन बंद पडल्यास

बंदरात आणि समुद्रात दोष एकच असला तरी कामाचा क्रम वेगळा असतो. समुद्रात प्रथम नांगर टाकावा, मग इंजिनाकडे वळावे. वारा आणि ओढ यांनी नौका खडकाकडे सरकत असताना सर्वजण इंजिनावर वाकून बसले, तर इंजिन सुरू होईपर्यंत नौका उरत नाही. सर्वांनी जीवरक्षक जाकिटे घालावीत. बिनतारी यंत्राच्या १६ क्रमांकाच्या वाहिनीवर आपला ठावठिकाणा कळवावा. भारतीय तटरक्षक दलाचा १५५४ हा मदतीचा दूरध्वनी क्रमांक नौकेवर ठळक अक्षरांत लिहून ठेवावा. मदत मागण्यास उशीर करू नये. पुढे इंजिन सुरू झाल्यास तसे कळविता येते.

बंदीच्या काळातील काळजी

महाराष्ट्राच्या सागरी हद्दीत अलीकडील वर्षांत यांत्रिक नौकांस १ जून ते ३१ जुलै असा ६१ दिवसांचा मासेमारी बंदीचा काळ पाळावा लागत आला आहे. हंगामाच्या पहिल्या दिवशी दिसून येणारे बहुतेक दोष या दोन महिन्यांत जन्म घेतात. नौका शाकारण्यापूर्वी पुढील कामे केल्यास ते टळतात.

जुन्या तेलात आम्लता व काजळी असते, म्हणून तेल हंगामाच्या शेवटी बदलावे, आरंभी नव्हे. खाऱ्या पाण्याच्या मार्गातून गोडे पाणी फिरवावे. डिझेलची टाकी काठोकाठ भरून ठेवावी. अर्ध्या टाकीतील दमट हवेचे पाणी होऊन ते तळाशी बसते. बॅटरी घरी नेऊन महिन्यातून एकदा भरून घ्यावी. आठवड्यातून एकदा, कांडी बंद स्थितीत ठेवून, इंजिन हाताने दोन-चार फेरे फिरवावे, म्हणजे रिंगा धरत नाहीत. जे जे झाकले, बंद केले किंवा काढले, त्याची यादी पुठ्ठ्यावर लिहून ती कळीस किंवा हँडलला बांधावी. दोन महिन्यांनंतर ती यादी स्मरणाहून अधिक खरी ठरते.

इंजिनाची चाचणी निघण्याच्या दिवशी न घेता निदान आठ दिवस आधी घ्यावी. नौका जमिनीवर असल्यास थंड करणाऱ्या पाण्याची सोय केल्याविना इंजिन चालवू नये. सुरू होताच तेलाचा दाब चढतो काय व पाणी बाहेर पडते काय, हे पहावे आणि अर्धा तास चालवून पुन्हा एकदा सुरू करून पहावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

किनाऱ्यावरील गावांत कार्यकर्त्यांनी जुलैच्या मध्यास मच्छीमार सहकारी संस्थेच्या मदतीने एखाद्या नौकेवर दोन तासांचे प्रात्यक्षिक ठेवावे. हवा कशी काढावी, बाटलीत पाणी कसे ओळखावे आणि धूर कसा वाचावा, एवढ्या तीनच गोष्टी दाखवाव्यात, आणि त्या मिस्त्रीने नव्हे तर खलाशांनी स्वतःच्या हातांनी कराव्यात. प्रत्येक नौकेवर गाळणीचा एक जादा संच, तांब्याच्या वायसरी, पाण्याच्या पंपाचा एक रबरी चक्रपंखा, पट्टा, पान्यांचा संच, विजेरी आणि स्वच्छ बाटली आहे, याची पाहणी त्याच वेळी करावी. शेतीच्या गावांत हेच प्रात्यक्षिक पावसाळा संपताच, रब्बीसाठी विहिरीवरील इंजिने सुरू होण्यापूर्वी घेता येईल.

खलाशाने सर्व इंजिन खोलून जोडण्यास शिकावे अशी अपेक्षा नाही. कोणता दोष आपल्या हातचा आणि कोणता मिस्त्रीचा, एवढे ओळखता आले तरी पुष्कळ झाले. मिस्त्रीस बोलवावे लागले तरी ‘इंजिन जोमाने फिरते, धूर मुळीच नाही, गाळणीपर्यंत डिझेल स्वच्छ येते’ असे त्यास सांगता आले, तर त्याचा वेळ शोधण्यात न जाता दुरुस्तीतच लागतो आणि पुढच्या भरतीस नौका बाहेर पडू शकते.